क्लिफर्ड ब्राऊन ऐकताना

ट्रम्पेट हातात घेतलासच, तर आता क्लिफर्ड ब्राऊन रोज ऐक. अमेरिकेतल्या विल्मिंग्टनचा हा जॅझ ट्रम्पेटवादक 1930 साली जन्मला आणि 1956 मध्ये मोटार अपघातात गेला, अवघ्या पंचविशीत. तेवढ्यात त्यानं जे वाजवून ठेवलंय त्याला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे.

वेगाला भुलू नकोस. आधी व्हायोलिनांच्या साथीचं त्याचं 1955 चं संथ रेकॉर्डिंग लाव. सूर किती भरदार! खाली उतरला तरी पातळ होत नाही, वर गेला तरी किंचाळत नाही. लांब सुराच्या शेवटाकडे कंप कसा येतो, तेही ऐक.

मग ड्रमर मॅक्स रोचबरोबरचं द्रुत वादन. एवढ्या घाईतही प्रत्येक सूर मळणी झालेल्या ज्वारीच्या दाण्यासारखा सुटा. नुसती बोटं पळवून हे येत नाही. ट्रम्पेटला व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपा, तीनच. एकाच बोटठेवणीत अनेक सूर निघतात, ते ओठ आणि श्वासावर वेगळे होतात.

आपल्या सोलापुरात मिरवणुकीत ढोल-ताशांपुढे ऐकू जावं म्हणून जीव खाऊन फुंकतात, माउथपीस ओठांवर दाबतात. त्यानं सूर आवळतो. घरी हळू आवाजात लांब सूर धर. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ओठ फुटतात, पाणी जवळ असू दे आणि दुखायला लागलं की थांब.

क्लिफर्डच्या वादनातली आवडलेली एक छोटी ओळ आधी गाऊन बघ. गाता आली की मगच ट्रम्पेटवर शोध, आणि सापडली की मला ऐकवायला ये.