मनीऑर्डरची पोच

टोरांटोजवळ राहणाऱ्या एका वाचकांचे पत्र गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. त्यांचे आईवडील मुलुंडला धाकट्या भावाच्या कुटुंबासोबत राहतात. वडील ७८ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आई गुडघ्यांनी अधू. देखभालीसाठी ब्युरोतून ठेवलेल्या बाईचा पगार, दोघांची औषधे आणि मेडिक्लेमचा हप्ता हा सारा खर्च वाचक स्वतः करतात. मार्चमध्ये ते मुंबईला आले होते तेव्हा, परतण्याच्या आदल्या दिवशी, आईबाबा डोळ्यांसमोर राहावेत म्हणून त्यांनी हॉलमध्ये वाय-फायवर चालणारा कॅमेरा बसवला. जूनमध्ये भावजयीने त्या कॅमेऱ्यावर रुमाल टाकला, वाचकांनी फोनवर भावाला त्याचे कारण विचारले, आणि तेव्हापासून भाऊ फोन उचलत नाही; ‘कामात आहे’ एवढा निरोप तेवढा येतो. पत्राच्या शेवटी वाचक विचारतात की आपण कशालाच कमी पडू दिले नाही, मग आपले चुकले कोठे?

उत्तर देण्याआधी माझी थोडी ओळख सांगणे भाग आहे. मी टपाल खात्यात १९७७ साली लागले आणि २०१५ साली निवृत्त झाले. कागदी मनीऑर्डर त्याच वर्षी बंद झाली, याची मला अजूनही गंमत वाटते. नोकरीची पहिली बारा वर्षे मी लालबागच्या परिसरात मनीऑर्डरच्या खिडकीवर होते. गिरण्यांचे पगार झाले की रांग फुटपाथपर्यंत जाई. फॉर्मच्या एका टोकाला निरोपासाठी बोटभर जागा असे. पोस्टमन तेवढा तुकडा फाडून पैशांबरोबर घरी देई, आणि पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पोच काही दिवसांनी पाठवणाऱ्याच्या हाती येई. ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे निरोप खिडकीवर आम्हीच लिहून देत असू. त्यामुळे दूर राहून घर चालवणारा माणूस घराशी कसा बोलतो, हे मी शेकडो वेळा माझ्याच अक्षरात लिहिले आहे. कोणी लिहायला सांगे, ‘आईचा खोकला कसा आहे, कळवावे.’ कोणी सांगे, ‘म्हैस का विकली, कोणाला विचारून विकली, ताबडतोब कळवावे.’ दोघेही तितकेच कष्टाळू होते आणि दोघांचेही घरावर तितकेच प्रेम होते.

सावंतवाडीकडचे एक गृहस्थ या दुसऱ्या प्रकारातले होते. गावी त्यांची आई थोरल्या भावाकडे असे, आणि दर महिन्याच्या निरोपात काही ना काही हुकूम असे: कौले बदलावीत, आईला अमक्या डॉक्टरांकडेच न्यावे, मागच्या पैशांचा हिशोब पाठवावा. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि बघता बघता आमच्या खिडकीवरची रांग आटली. काही महिन्यांनी हे गृहस्थ बायकामुलांसह गावी, त्याच भावाच्या घरी, राहायला गेले. चार-पाच वर्षांनी एका कामासाठी मुंबईत आले तेव्हा मुद्दाम मला भेटले. त्यांनी सांगितले की वहिनीने मनीऑर्डरचे सगळे तुकडे घरातल्या कागदांच्या तारेला टोचून ठेवले होते आणि एका पावसाळी दुपारी, करायला काही काम नव्हते म्हणून, त्यांनी ते एकेक काढून वाचले. “बाई, अक्षर तुमचं होतं, पण बोलणं माझं होतं,” एवढेच ते म्हणाले. वहिनीने त्यांना कधी एका शब्दानेही दुखावले नव्हते, आणि त्यांना त्याचाच त्रास अधिक होत होता.

वाचकांनी स्वतःला या गृहस्थांच्या जागी ठेवून पाहावे. त्यांची नोकरी जाईल असे मी सुचवत नाही, तसे होऊ नये. मुद्दा एवढाच आहे की आपले यश ज्या घराच्या आधारावर उभे आहे, त्या घराशी आपण कोणत्या आवाजात बोललो याची नोंद कोठेतरी राहते, आणि ती बहुधा गप्प बसणाऱ्या माणसाकडे राहते. मराठीत ‘पोच’ हा शब्द पावतीलाही वापरतात आणि समजुतीलाही. पैसे पाठवणाऱ्याला पोच मिळे, आज तर मोबाइलवर क्षणात मिळते. रात्री दोनदा उठून सासूला बाथरूमपर्यंत नेणाऱ्या, ब्युरोची बाई न सांगता गैरहजर राहिली की ऑफिसला उशिरा पोहोचणाऱ्या, पॅसेजमधल्या गळतीसाठी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडणाऱ्या माणसाला अशी पोच कोण देतो?

आता कॅमेऱ्याविषयी. वाचकांनी तो आईवडिलांसाठी बसवला, याबद्दल मला शंका नाही. परंतु मुंबईतल्या दोन खोल्यांच्या घरात हॉल म्हणजे सर्वस्व असते: तेथेच जेवण, तेथेच मुलांचा अभ्यास, तेथेच कपड्यांच्या घड्या, आणि दिवसभराच्या दगदगीनंतर कामावरच्या कपड्यांतच पंख्याखाली पाय पसरून बसण्याची जागाही तीच. भावजयीला विचारल्यावाचून तेथे लावलेला डोळा तिच्यावरही लागतो. त्यातून, जाण्याच्या आदल्या दिवशी लावला म्हणजे त्यावर बोलायला सवडही ठेवली नाही. तिने रुमाल टाकला, कॅमेरा उपटून फेकला नाही, यात मला तरी तिचा समंजसपणाच दिसतो. (माझी मुलगीही परदेशात आहे, त्यामुळे मी तटस्थ आहे असा दावा करणार नाही. माझ्या घरात तिने असे काही लावले असते, तर मी रुमालावर थांबले नसते.) कॅमेरा काढायला सांगा, आणि तो काढल्याबद्दल आभार मानू नका, चूक झाली, एवढे म्हणा. वडिलांना रात्री पडण्याचा धोका असेल तर काय करावे, हे घरात राहणाऱ्या चौघांना ठरवू द्या आणि ते जे ठरवतील त्याचा खर्च तुम्ही करा.

आणखी एक गोष्ट पत्रात ओझरती आली आहे. रोज ऑफिसला निघण्यापूर्वी, पावणेनऊच्या सुमारास, वाचक फोन करतात. उन्हाळ्यात टोरांटो मुंबईच्या साडेनऊ तास मागे असते, म्हणजे मुलुंडला तेव्हा सव्वासहा वाजलेले असतात आणि भावजय लोकलमध्ये उभी असते. हिवाळ्यात घड्याळे बदलून अंतर साडेदहा तासांचे झाले की सव्वासात वाजतात. तेव्हा ती नुकतीच घरात शिरून पर्स खाली ठेवत असते, कुकर लागायचा असतो, आणि आई फोनवर दिवसभरातल्या तक्रारी मोठ्या मुलाला सांगत असते. त्या भावजयीच्याच कानावर पडतात. वृद्ध माणूस दूरच्या मुलाजवळ तक्रार करतो, कारण जवळच्या मुलाजवळ केली तर ती निस्तरावी लागते. त्या तक्रारीला पुरावा मानू नये. शनिवारी रात्री अकराला फोन केला तर येथे रविवारची सकाळ असते. तेव्हा आधी भावाशी बोला, आणि पंधरा मिनिटे आईबाबांचा विषय काढू नका. त्याचा मुलगा दहावीला आहे, असे तुम्हीच लिहिले आहे.

पैशांबाबत मी थोडक्यात लिहिते. ब्युरोला परस्पर पैसे देणे आणि हिशोब भावाकडे मागणे ही पद्धत सोडावी. दर तीन महिन्यांनी एक ठोक रक्कम द्यावी, ती कशी खर्च करायची हे त्या दोघांनी ठरवावे, आणि त्यातून भावजयीने आठ दिवस माहेरी जाऊन यायचे ठरवले तर तोही आईवडिलांच्या देखभालीचाच खर्च समजावा.

फ्लॅटचा प्रश्न वाचकांनी विचारलेला नाही, पण ‘नॉमिनेशन माझ्या नावावर आहे’ हे वाक्य पत्रात दोनदा आले आहे, म्हणून लिहिते. सोसायटीतील नामनिर्देशनाने फ्लॅटची मालकी मिळत नाही. सोसायटी नामनिर्देशित व्यक्तीला वारस ठरेपर्यंत तात्पुरते सभासद करून घेते, मालकी मात्र मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. वडिलांना मृत्युपत्र करायचे असेल तर कायद्याला त्यांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी केलेली बरी. आपला हिस्सा भावाला सोडण्याचा तुमचा विचार असला, तर वडील हयात असताना केलेल्या हक्कसोडपत्राला अर्थ नाही, कारण सोडायला तेव्हा हक्कच नसतो. त्यापेक्षा ‘घर भावाला द्यावे, माझी हरकत नाही’ असे वडिलांना आजच सांगता येईल. तसा विचार नसेल तर तेही स्पष्ट सांगावे. भाऊ त्याने नाराज होईल, पण अंधारात राहणार नाही. हा विषय फोनवर काढू नये, आणि कॅमेऱ्याचे प्रकरण निवळल्याशिवाय तर मुळीच काढू नये.

भावजयीच्या बाजूने सर्व काही निर्मळ असेल, असे मी गृहीत धरत नाही. तिच्याही बोलण्यात कधी टोमणा असेल, खर्चात हात सैल असेल. पण ती बाजू तपासण्याची वेळ तुमची आज नाही, आणि कदाचित ते काम भावाचे आहे.

पत्रात तुम्ही लिहिले आहे की नाताळच्या सुटीत सर्वांना घेऊन येणार आहात. तिकिटे काढली नसतील, तर माझे ऐका. यंदा नोव्हेंबरमध्ये एकटेच, दहा दिवसांसाठी या. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी वडिलांना त्या महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आता तो चेहरा ओळखून मोबाइलवरही निघतो. पण म्हाताऱ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, चेहरा पहिल्या खेपेला जुळत नाही, आणि मग बँकेत जाऊन बसावे लागते. त्यासाठी तुमचा भाऊ दरवर्षी अर्ध्या दिवसाची रजा टाकत असणार. यंदा वडिलांना रिक्षात बसवून तुम्ही घेऊन जा. जाताना भावजयीला विचारा की त्यांचा चष्मा आणि पेन्शनचे पुस्तक कोठे ठेवलेले असते. ते तिलाच माहीत असेल.