लॉन्ड्रीतल्या यंत्रांची दुरुस्ती : शिक्षण कोणते घ्यावे?

प्रश्न : माझा मुलगा यंदा ६१ टक्के गुण मिळवून दहावी झाला. सुट्टीत तो मामांबरोबर एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत जात असे. तेथील मोठी वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचे काम पाहून, मला हेच शिकायचे आहे, असा त्याने हट्ट धरला आहे. घरातील सर्वांना त्याने डिप्लोमा करावा असे वाटते. एका खासगी क्लासने तीन महिन्यांत त्याला तयार करून देण्याचे सांगितले आहे. या कामात भविष्य आहे का, आणि विजेचा धोका कितपत असतो?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. मुलाला काय करायचे आहे ते दहावीतच कळले आहे, ही गोष्ट मी हट्ट म्हणून बाजूला सारणार नाही. मात्र त्याला नेमके काय आवडले, हे आपण आधी तपासून पाहावे. यंत्र उघडून सुटे भाग बदलणे आवडले असेल तर ती हौस थोड्या दिवसांत फिटते. यंत्र का थांबले याचा शोध घेणे आवडले असेल, तर हा व्यवसाय त्याच्यासाठी आहे असे मी म्हणेन.

घरातील मशीन आणि लॉन्ड्रीतील मशीन यांत केवळ आकाराचा फरक नसतो. लॉन्ड्रीतील मोठी यंत्रे ४१५ व्होल्टच्या थ्री-फेज पुरवठ्यावर चालतात, मोटरचा वेग इन्व्हर्टर ड्राइव्ह हे इलेक्ट्रॉनिक उपकरण सांभाळते, आणि पाणी वीज किंवा वाफेने तापवले जाते. पिळण्याच्या वेळी स्प्रिंगवर बसवलेल्या यंत्रांमधील कपड्यांवर गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींहूनही अधिक बल येऊ शकते. त्यामुळे कपडे ड्रममध्ये एका बाजूला गोळा झाले, तर यंत्र स्वतःहून पिळणे थांबवते. याचाच अर्थ असा की मेकॅनिकला वीज, यंत्रशास्त्र आणि पाणी या तिन्हींची जाण असावी लागते.

एक उदाहरण देतो. यंत्र धुते, पाणी सोडते, पण पिळत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. अननुभवी माणूस प्रथम ड्रेन व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी झडप, बदलतो, तेवढ्याने भागले नाही तर कंट्रोल कार्ड बदलतो, आणि मालकाच्या हाती मोठे बिल पडते. जाणकार माणूस आधी स्क्रीनवरचा एरर कोड पाहतो आणि सर्किट डायग्राम उघडतो, कारण पिळण्यास सुरुवात होण्यापूर्वी यंत्राला काही गोष्टींची खात्री हवी असते : दार लॉक झाले आहे, ड्रममध्ये पाणी उरलेले नाही, आणि तोल बिघडल्यास यंत्र थांबवणारा स्विच सुस्थितीत आहे. पाण्याची पातळी अनेक यंत्रांत एका बारीक नळीतील हवेच्या दाबावरून मोजली जाते. त्या नळीत कपड्यांचे तंतू आणि साबणाचा गाळ साचला की ड्रम रिकामा असूनही पाणी भरलेले असल्याचा संदेश प्रेशर स्विच देत राहतो, आणि कंट्रोलर पिळण्याची आज्ञाच देत नाही. अशा वेळी नळी साफ करण्यापलीकडे काही बदलावे लागत नाही.

याउलट, पाणी भरतच राहते पण पातळी गाठत नाही, अशी तक्रार आली तर ड्रेन व्हॉल्व्हकडे पाहणे योग्य ठरते. कित्येक व्यावसायिक यंत्रांत हा व्हॉल्व्ह वीज मिळाल्यावर बंद होतो आणि वीज गेली की उघडतो. म्हणून त्याच्या कॉइलला पुरवठा पोहोचतो की नाही, हे मल्टिमीटरने तपासल्यावाचून त्याला दोष देता येत नाही. बेअरिंगच्या घरघरीबाबतही असेच आहे : पाणी अडवणारे ऑइल सील झिजून पाणी आत शिरू लागले असेल, तर सील न बदलता नवे बेअरिंग घालणे म्हणजे तोच खर्च पुन्हा ओढवून घेणे होय.

आता धोक्याविषयी. आपली भीती रास्त आहे. ड्राइव्हमधील कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सुमारे ५८५ व्होल्टचा डीसी विद्युतदाब असतो आणि मेन स्विच बंद केल्यानंतरही तो काही काळ टिकून राहतो. उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून, मीटरने विद्युतदाब उतरल्याची खात्री करून मगच आत हात घालायचा असतो. लॉन्ड्रीची फरशी बहुधा ओली असते, हेही लक्षात ठेवावे. ही शिस्त तीन महिन्यांत अंगी बाणत नाही, आणि म्हणूनच त्या क्लासला आपण आत्ता नकार द्यावा असे मी सांगतो. पाया पक्का झाल्यावर एखाद्या कंपनीच्या यंत्रांचे छोटे प्रशिक्षण घेणे ही निराळी गोष्ट आहे.

माझा सल्ला आयटीआयचा आहे, आणि त्यातही दोन वर्षांच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडचा. घरगुती उपकरणांचा ट्रेडही असतो, परंतु थ्री-फेज मोटर, स्टार्टर आणि कंट्रोल वायरिंग यांचा सराव इलेक्ट्रिशियनमध्ये अधिक होतो. सातपूरची शासकीय आयटीआय आपल्याला सोयीची आहे, आणि पुढील अप्रेंटिसशिपसाठी सातपूर व अंबडच्या कारखान्यांचाही विचार करता येईल. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. त्यामुळे घरच्यांची डिप्लोमाची इच्छाही मोडीत निघत नाही, ती थोडी पुढे जाते इतकेच.

कामाच्या मागणीबाबत नाशिकमध्ये हॉटेले, रुग्णालये आणि वसतिगृहे पुरेशी आहेत. २०२७ च्या सिंहस्थामुळे हॉटेलांचे काम वाढेल, पण बारा वर्षांनी येणाऱ्या पर्वणीवर करिअर बेतू नये. उत्पन्नाचा भरवसा वार्षिक देखभाल करारांवर असतो, आणि ते करार नाव झाल्यावर मिळतात. पहिली काही वर्षे कमाई बेताची राहील, सणासुदीला आणि रात्रीअपरात्री बोलावणे येईल, रुग्णालयातील कपड्यांजवळ काम करताना हातमोजे विसरून चालणार नाही. हे त्याला आताच सांगावे.

प्रवेशाचे पर्याय भरण्यापूर्वी एक करून पाहा. मामांच्या ओळखीने त्या यंत्राच्या मॅन्युअलची प्रत मिळवून त्यातील वायरिंग डायग्राम मुलाच्या हाती द्या, आणि दाराच्या स्विचपासून मोटरपर्यंतचा मार्ग त्याला कागदावर शोधू द्या. त्यात तो रमला तर इलेक्ट्रिशियनचा पर्याय पहिल्या क्रमांकावर भरावा. कंटाळून कागद बाजूला ठेवला, तर त्याची गुणपत्रिका जोडून मला पुन्हा लिहा.