मंजूर, भरलेली, हजर

नाशिक

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा पानावर बसलो होतो, म्हणून नीट बोलणं झालं नाही. फोनवर सांगून संपण्यासारखंही ते नव्हतं. ताई पहिल्यांदाच आमदार म्हणून निवडून आल्यात, तू त्यांचा स्वीय सहायक झालास, आणि हिवाळी अधिवेशनाला नागपूरला निघायच्या आधी मतदारसंघातल्या ग्रामीण रुग्णालयाला गुरुवारी ‘अचानक भेट’ द्यायची, बरोबर दोन-तीन चॅनेलवाले न्यायचे, असं ठरलंय म्हणालास. ‘काका, काय काय तयारी करू?’ असं विचारलंस. पहिली तयारी ही, की चॅनेलवाल्यांना येऊ नका म्हणून कळव. ताईंना पटलं नाही तर माझं नाव सांग.

असं का म्हणतो ते कळायला माझ्याच नोकरीतली एक गोष्ट तुला ऐकावी लागेल. ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

मीही एका आमदारांचा स्वीय सहायक होतो. मला तेव्हा आमच्या त्या साहेबांकडे सात-आठ वर्षं झाली होती. पावसाळ्याचे दिवस. पश्चिम पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर सापडत नाहीत अशी तक्रार सारखी कानावर येत होती. साहेब म्हणाले, चला, बघूनच येऊ. वार्ताहराला फोन मी केला. आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजले असतील. व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं, भिजलेल्या घोंगड्यांचा वास, एका बाईच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर. डॉक्टर नव्हते. होती ती एक कंत्राटी सिस्टर. साहेबांचा आवाज चढला, फोटो निघाले. ती रजिस्टर छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, चौथ्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस. मागाहून कळलं की आदल्या रात्री तिनं एकटीनं दोन बाळंतपणं केली होती आणि तिच्या जागी दुसरी सिस्टर यायची वाट बघत ती तशीच थांबली होती. डॉक्टर चार महिन्यांपासून शहरात प्रतिनियुक्तीवर होते, म्हणजे पद इथलं आणि काम तिकडे. तेही रीतसर, लेखी आदेशानं.

तो आदेश कुणी काढला, कशासाठी काढला, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही. या प्रकरणाचा उरलेला भाग पुढे सांगतो, आधी कामाचं बोलू.

त्याच सुमाराच्या अधिवेशनासाठी मी तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात ज्याचं तोंडी उत्तर द्यायचं असतं तो) लिहिला होता. ‘अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय?’ उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ आणि खालच्या सगळ्या उपप्रश्नांपुढे एकच ओळ, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ मी चिडलो होतो, सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून. पण ते उत्तर खोटं नव्हतं. पद मंजूर होतं, भरलेलं होतं, पगारही त्याच केंद्रावरून निघत होता. फक्त माणूस तिथं नव्हता. चूक माझ्या वाक्यात होती. मी ‘रिक्त’ विचारलं, त्यांनी ‘रिक्त’चं उत्तर दिलं.

म्हणून आकडे वेगवेगळे मागायचे. मंजूर किती, भरलेली किती, आणि अमुक तारखेला प्रत्यक्ष हजर किती. त्याखाली प्रतिनियुक्तीवर कोणती पदं गेली, कुणाच्या आदेशानं, केव्हापासून, त्या जागी पर्यायी माणूस दिला का. दीर्घ रजेवर कोण, हेही. तारीख घालायला विसरू नकोस. तारीख नसली की उत्तर तयार होईल त्या दिवसाचा आकडा येतो, आणि तोवर कुणाला तरी चार दिवसांपुरतं आणून बसवलेलं असतं. ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ ही शेवटची ओळ आपण सगळे सवयीनं लिहितो. वरची ओळ नाकारता येण्यासारखी असेल तर त्या ओळीचा काही उपयोग होत नाही. प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले मोजकेच प्रश्न पुकारले जातात. ताईंचा नंबर लागला नाही तर छापील उत्तर तेवढं हातात राहतं, म्हणून प्रश्न कागदावरच इतका घट्ट बांध की मंत्र्यांना तोंडी न विचारताही त्यातून काहीतरी निघालं पाहिजे.

दुसरी गोष्ट, दवाखाना कुणाचा हे आधी बघ. लोकांच्या दृष्टीनं सगळे सरकारी दवाखाने सारखेच, पण कागदावर त्यांचे मालक वेगळे आहेत. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, तिथं जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, कळवणचं उपजिल्हा रुग्णालय, त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, हे जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. शहरातलं झाकीर हुसेन किंवा नाशिकरोडचं बिटको महापालिकेचं. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं. (म्हसरूळला आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आहे आणि आपल्या शासकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली इतकी वर्षं हा जिल्हा गप्प कसा राहिला, हे मला आजही खुपतं.) २१ एप्रिल २०२१ ला झाकीर हुसेनमध्ये ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब उतरला आणि २० हून अधिक रुग्ण गेले. त्या टाकीची देखभाल कुणाकडे होती, करार कुणाशी होता, तपासणी कोण करत होतं, हे प्रश्न महापालिकेचे, म्हणजे नगरविकास विभागाचे. आरोग्यमंत्र्यांना विचारलेला तोच प्रश्न या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि अधिवेशन संपून जातं.

आता भेटीबद्दल. भेट द्याच, पण ओपीडी सुरू व्हायच्या आधी जा आणि ताईंना बाकावर बसू दे, लोकांमध्ये. तासाभरानं अधीक्षकांना भेटा आणि रजिस्टरं मागा. माझा सगळ्यात जास्त भरवसा रेफरच्या, म्हणजे पुढच्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांच्या, रजिस्टरवर. रुग्ण किती वाजता आला, किती वाजता पुढं पाठवला, कशासाठी पाठवला, कोणत्या गाडीनं गेला. या चार रकान्यांत त्या रुग्णालयाची सगळी कथा असते. ‘भूलतज्ज्ञ उपलब्ध नसल्याने’ हे कारण महिन्यात किती वेळा आलंय ते मोज. नावं उतरवायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत, रुग्णाची गोष्ट त्याच्या मालकीची असते. फक्त संख्या आणि वेळा तुझ्या वहीत घे. त्याच्याशेजारी १०२ च्या रुग्णवाहिकेचं लॉगबुक ठेव. गरोदर बाईला आणि नवजात बाळाला नेणं-आणणं २०११ पासून मोफत आहे. मग जीप भाड्यानं करून कोण कोण गेलं आणि का, ते लॉगबुकातल्या कोऱ्या दिवसांवरून कळतं. गाडी उभी असते, चालक नसतो किंवा डिझेलचं बिल थकलेलं असतं. आमदार निधीतून रुग्णवाहिका दिली की नारळ फुटतो, फोटो होतो. तिच्या चालकाचा पगार बजेटमधल्या कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, हे नारळ फोडायच्या आधी विचारायला ताईंना सांग.

रेफरवर एवढा जोर देतो त्याला कारण आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिव्हिलच्या नवजात शिशू कक्षात एका महिन्यात ५५ बाळं दगावल्याची बातमी देशभर गेली. बरीच बाळं फार उशिरा आणि गंभीर अवस्थेत आमच्याकडे आली, असं तेव्हा सांगण्यात आलं. सगळ्यांनी सिव्हिलकडे बोट दाखवलं, आणि तिथं इनक्युबेटर कमी होते हे खरंच होतं. पण बाळं उशिरा आली असतील तर ती निघाली कुठून, वाटेत कुठं कुठं थांबली, तालुक्याच्या ठिकाणी त्यांना ऊब आणि ऑक्सिजन का मिळाला नाही? हे तालुक्याच्या आमदारानं विचारायचे प्रश्न होते, आणि ते फार कमी विचारले गेले. सिव्हिलमधल्या मृत्यूचं कारण कधी कधी ऐंशी किलोमीटर मागं असतं.

औषधांचं थोडक्यात सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. तरी ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी हातात पडत असेल तर ती चिठ्ठी हाच तुझा पुरावा. लोकांना विचारून त्या चिठ्ठीची नक्कल घे, नाव झाक. मग एकेका औषधाचा साठा किती दिवस शून्य होता ते विचार. सर्पदंशाचं इंजेक्शन, कुत्रा चावल्याची लस, रक्तदाबाची गोळी, एवढ्यापासून सुरुवात कर. राज्याची औषधखरेदी २०१७ ला हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये कायदा करून वेगळं प्राधिकरण आलं. यंत्रणा बदलताना मागणी कुठं अडकली, हे कुणी आपणहून सांगत नाही. कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, २०१६-१७ ते २०२१-२२ या काळातल्या राज्याच्या आरोग्यसेवेचं लेखापरीक्षण केलंय, तो अहवाल नागपूरच्या रेल्वेत वाच. जाड आहे, पण कुठं खणायचं ते त्यातून कळतं.

आणि गुजरात सीमेवरच्या सुरगाणा तालुक्याकडे जाऊन ये. २०२२ च्या अखेरीस तिथल्या सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला अशी मागणी केली, तेव्हा मुंबईत कित्येकांना तो राजकीय स्टंट वाटला. ज्या बाईला कळा सुरू झाल्यावर गुजरातेतलं धरमपूर नाशिकपेक्षा जवळ पडतं, तिच्या घरच्यांना विचार तो स्टंट होता का. डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, वीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. पाड्यांमधलं अंतर आणि पावसाळ्यात तुटणारा रस्ता मात्र लोकसंख्येच्या निकषात बसत नाही. हे ताईंनी सभागृहात ठासून सांगितलं पाहिजे, आणि गावातल्या आशा कार्यकर्त्यांना विचारून, त्यांच्या शब्दांत सांगितलं पाहिजे.

आता ती राहिलेली गोष्ट.

त्या भेटीनंतर दोनेक वर्षांनी एक कार्यकर्ता माहितीच्या अधिकारात मिळालेले कागद घेऊन आमच्या कार्यालयात आला. त्यात त्या डॉक्टरांच्या प्रतिनियुक्तीची फाईल होती. तिसऱ्या पानावर शिफारसपत्र. ‘कौटुंबिक अडचण विचारात घेऊन सदर वैद्यकीय अधिकारी यांची नाशिक येथे सोय व्हावी, ही विनंती.’ लेटरहेड आमच्या साहेबांचं, सही साहेबांची, आणि टाइप मी केलेलं. रोज अशी दहा-पंधरा पत्रं जायची, साहेबांना ते आठवतही नव्हतं. मलाही नव्हतं. ज्या रिकाम्या खुर्चीसाठी आम्ही त्या सिस्टरवर ओरडलो, ती आम्हीच रिकामी केली होती. मी तिला शोधत गेलो तेव्हा तिनं नोकरी सोडलेली होती.

म्हणून तुला एक काम सांगतो, ते आजच कर. ताईंच्या कार्यालयात बदली-प्रतिनियुक्तीच्या शिफारसपत्रांचं एक वेगळं आवक-जावक रजिस्टर सुरू कर. कोण, कुठून, कुठं, आणि त्याच्या जागी कोण येणार. शेवटचा रकाना कोरा असेल तर पत्र सहीला ठेवायचं नाही. लोक नाराज होतील, आपलेच कार्यकर्ते पहिल्यांदा होतील. डॉक्टरांची अडचण खोटी असते असं माझं म्हणणं नाही. गळकं निवासस्थान, पाणी नाही, मुलांना शाळा नाही, रात्री एकट्या बाईला राहायची भीती, हे सगळं खरं आहे. मग तो प्रश्न टाका. निवासस्थानांची दुरुस्ती कधी झाली, अंदाजपत्रक कुणाकडे पडून आहे, विभागाच्या खर्चाच्या मागणीवर कपात सूचना द्या, पुरवणी मागण्यांवर बोला. डॉक्टर तिथं राहू शकेल असं करणं आमदाराच्या हातात आहे. आणि २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आलाय. नाशिक-त्र्यंबकला माणसं आणि गाड्या लागतील, त्या तालुक्यांतूनच ओढल्या जातील. त्या काळात पेठ-सुरगाण्याची बाळंतपणं कोण करणार, याचं लेखी नियोजन आत्ताच मागा.

मंत्र्यांनी सभागृहात ‘तीन महिन्यांत पद भरू’ म्हटलं तर ते वाक्य कार्यवृत्तातून उतरवून घे आणि तीन महिन्यांनी पुन्हा त्याच केंद्रावर जाऊन ये. भरलं नसेल तर मंत्र्यांच्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीला पत्र लिही. बातमी दोन दिवसांत शिळी होते, पण दिलेलं आश्वासन नोंदीवर राहतं. बहुतेक सदस्य त्याच्या मागं जात नाहीत, तू जा.

प्रश्नांचा मसुदा झाला की मला पाठव, सकाळी नऊनंतर मी मोकळा असतो. आणि गुरुवारी रुग्णालयात रात्रपाळी करून थांबलेली एखादी सिस्टर भेटली, तर रजिस्टर मागायच्या आधी तिला बसायला खुर्ची द्या.

तुझा,
काका