'सत्र' नव्हे, 'हंगाम'. आणि 'हंगामी' तर मुळीच नव्हे

ओहायोत राहणाऱ्या एका वाचक ताईंनी विचारलंय: "इथल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी क्लीव्हलँड ब्राउन्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या १९५० सालच्या 'सीझन'वर लेख लिहिला. मी 'हंगाम' लिहिलं होतं, संपादकांनी सगळीकडे 'सत्र' केलं. त्यांचं म्हणणं, हंगाम हा शेतीपुरता शब्द आहे, शिवाय फारसी आहे. कोण बरोबर? आणि मॅरियन मॉटली या खेळाडूबद्दल 'त्याचे हंगामी ८१० यार्ड' असं लिहिलं तर चालेल का?"

शेवटचं आधी निकालात काढतो, कारण ते रोज कानावर आदळतं. नाही चालणार. 'हंगामी ८१० यार्ड' वाचून मराठी माणसाला वाटेल की हे यार्ड तात्पुरते दिलेत, पुढे परत घेणार आहेत. विधानसभेचा हंगामी अध्यक्ष नवा अध्यक्ष निवडला जाईपर्यंतच खुर्चीत असतो, हंगामी नेमणूक कधी संपेल सांगता येत नाही. खेळाच्या समालोचनात 'हंगामी विक्रम', 'हंगामी सरासरी' असं बेधडक बोलतात तेव्हा मी आवाज बंद करतो. 'हंगामातले ८१० यार्ड' म्हणा, एवढं पुरे. त्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये चेंडू हातात घेऊन सर्वांत जास्त पळालेला गडी मॉटलीच होता. त्याचा पराक्रम एका प्रत्ययापायी कच्चा ठरू नये.

आणि 'यार्ड' तरी कशाला? आपल्याकडे 'वार' आहे. कापडाच्या दुकानात अजून ऐकू येतो, नऊवारी लुगड्यात तर तो कायमचा बसलाय. ८१० वार म्हणजे बरोबर ९० नऊवारी. एकापुढे एक अंथरून बघा मनातल्या मनात, म्हणजे मॉटली किती पळाला ते कळेल.

आता सत्र. संपादकांचा घोटाळा सरळ आहे: त्यांना 'सीझन' आणि 'सेशन' हे एकच वाटलेत. 'सत्र' आला 'सद्' म्हणजे बसणे या धातूपासून. वैदिक काळी बारा दिवसांपासून वर्षभरापर्यंत चालणाऱ्या सोमयागाला सत्र म्हणत. ऋत्विज मांडी ठोकून बसायचे. अन्नसत्रात पंगत बसते. विधिमंडळ बसतं, परिसंवादाचं दुपारचं सत्र बसतं, आणि 'सेशन्स कोर्ट'ला आपण सत्र न्यायालय म्हणतो ते अगदी अचूक आहे, कारण इंग्रजी 'सेशन'सुद्धा लॅटिनमधल्या बसण्याच्याच धातूचा आहे आणि तो धातू आपल्या 'सद्'चा सख्खा भाऊ. म्हणजे सत्र हा 'सेशन'चा जुळा, 'सीझन'चा कुणीच नाही. फुटबॉल खेळणाऱ्यांना बसायला सांगू नका.

मोसम चालेल. अरबी 'मौसिम', मूळ अर्थ खूण करून ठरवलेली वेळ, यात्रेची किंवा बाजाराची. तोच पोर्तुगीजांच्या तोंडून फिरून 'मान्सून' झाला, म्हणून 'मान्सूनचा मोसम' म्हणणारे एकच शब्द दोनदा म्हणतात. 'पर्व' म्हणजे पेर, सांधा. उसाचं पेर असतं तसं. ब्राउन्ससाठी तो शब्द राखून ठेवा, पण एका वर्षासाठी नव्हे. १९४६ ते १९५५ अशी सलग दहा वर्षं हा संघ आपापल्या लीगच्या अंतिम सामन्यात होता आणि त्यात सात वेळा जिंकला. ते पर्व. त्यातलं एकेक वर्ष, तो हंगाम.

आणि हंगाम शेतीपुरता? खुद्द इंग्रजी 'सीझन' कुठून आलाय ते संपादकांनी एकदा बघावं. फ्रेंचमार्गे लॅटिन 'सातिओ', अर्थ पेरणी. पेरणीचा शब्द इंग्रजांनी फुटबॉलच्या मैदानावर नेला तर चालतो, आणि खरीप-रब्बीचा शब्द आपण नेला की तो गावंढळ?

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. 'हंगाम'च्या पोटात काय आहे?

फारसीत 'हंगाम' म्हणजे वेळ, योग्य काळ. आणि 'हंगामा' म्हणजे गर्दी, जमाव, त्यावरून गलका. रस्त्यात माणसं गोळा करून खेळ दाखवणाऱ्याला फारसीत 'हंगामागीर' म्हणतात. हिंदी सिनेमाने आपल्याला 'हंगामा' म्हणजे फक्त धिंगाणा एवढंच शिकवलं, पण आधी जमाव, मग दंगा असा तो क्रम आहे. मला बरीच वर्षं हे कोडं होतं: वेळेचा आणि गर्दीचा संबंध काय?

उत्तर पहिल्या अक्षरात आहे. संस्कृतात जिथे 'स', तिथे इराणी भाषांत 'ह'. सप्तचा हफ्त, ज्यावरून आपला हप्ता; सिंधूचा हिंदू; सोमाचा होम; आणि 'सम'चा 'हम', जो हमदर्दमध्ये आहे. मग 'हं-गाम'मधला 'हं' म्हणजे आपला 'सं'. आणि 'गाम'? गम्, जाणे-येणे. हंगाम म्हणजे संगम! माझा हा सिद्धांत मी ऐकेल त्याला सांगत आलोय, आणि तो निव्वळ ध्वनिसाम्यावर उभा नाही. पारशी मंडळी सभेला 'अंजुमन' म्हणतात. तो अवेस्तातला 'हंजमन', म्हणजे एकत्र येणं, आणि त्याचं संस्कृत रूप 'संगमन' याबद्दल वाद नाही. जो धातू आणि जो उपसर्ग अंजुमनात आहे, तोच हंगामात आहे असं मी म्हणतो. काळ 'जुळून येतो' असं आपण मराठीत बोलतोच. सगळ्या गोष्टी एकाच वेळी एका जागी आल्या की होतो तो हंगाम. माणसं एका जागी आली की हंगामा.

पटत नसेल तर साखर कारखान्यावर जाऊन बघा. गळीत हंगाम कॅलेंडरवर सुरू होत नाही. आधी बॉयलर अग्निप्रदीपन होतं. मग गव्हाणीत मोळी पडते, नारळ फुटतो. तोवर तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहिलेल्या असतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या रांगा रस्त्यावर येतात, चहाच्या टपऱ्या लागतात. ऊस, माणूस, जनावर, पाणी, वाफ सगळं एकत्र आलं की लोक म्हणतात, हंगाम चालू झाला. आणि त्याच कारखान्यात कामगारांचा एक प्रकार आहे 'हंगामी कायम'. शहरातल्या माणसाला हे दोन शब्द शेजारी बघून चक्कर येते. तिथे मात्र 'हंगामी' म्हणजे तात्पुरता नव्हे, हंगामाचा. दरवर्षी हंगामाला त्याची जागा पक्की. जुना अर्थ तिथे शाबूत आहे. सरकारी फाइलींनी तो पातळ केला.

म्हणून भाषाशुद्धीच्या नावाने 'हंगाम'वर काट मारणाऱ्यांचा मला राग येतो. सावरकरांच्या चळवळीने 'दिनांक' दिला, 'महापौर' दिला. दोन्ही मी रोज वापरतो आणि ते घडवणाऱ्याबद्दल आदर बाळगतो. पण त्या वाटेने जाणारे आजचे लोक ज्याला परका म्हणून हाकलतात, तो संगमाचा चुलतभाऊ आहे. शेकडो वर्षं शिवारात राबलेला शब्द बाहेर काढायचा आणि त्या जागी 'सत्र' हा चुकीच्या अर्थाचा शब्द बसवायचा, ही शुद्धी नव्हे. 'हंगामा' आधी आणि 'हंगाम' त्यावरून निघाला असं छातीठोक सांगणारेही भेटतात. त्यांनी फारसी व्याकरणाचं पहिलं पान उघडावं. शेपटीचा 'आ' मागून लागलेला आहे.

ताईंचा विषय सुटला असं वाटेल, पण सुटलेला नाही. १९५० चा ब्राउन्सचा हंगाम या शब्दात जितका नेमका बसतो तितका क्वचित कुठला बसेल, कारण त्याची सुरुवातच संगमाने झाली. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये जुन्या नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) विरोधात ऑल-अमेरिका फुटबॉल कॉन्फरन्स ही नवी लीग मैदानात उतरली. चार वर्षं चालली, चारही वर्षं ब्राउन्स जिंकले; १९४८ मध्ये तर एकही सामना न हरता. (नाव रंगावरून नाही, पहिले प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्यावरून आहे. 'तपकिरी संघ' असं भाषांतर मी डोळ्यांनी पाहिलंय.) मग नवी लीग जुन्यात विलीन झाली आणि ब्राउन्स, सॅन फ्रान्सिस्को, बाल्टिमोर असे तीन संघ एनएफएलमध्ये आले. दुय्यम लीगमधला विजेता, त्याला आता कळेल, असा जुन्या मंडळींचा सूर.

लीगचे आयुक्त बर्ट बेल यांनी पहिलीच गाठ घालून दिली ती आधीच्या दोन्ही वर्षांच्या विजेत्यांशी, फिलाडेल्फिया ईगल्सशी, त्यांच्याच गावात. तारीख १६ सप्टेंबर १९५०. मैदानावर ७१,२३७ माणसं. हा खरा हंगामा, फारसी अर्थाने: जमाव. ब्राउन्सनी ३५-१० असं हरवलं. ब्राउन्सचा ऑटो ग्रॅहम लांबून चेंडू फेकत राहिला आणि ईगल्सना काही सुधरेना. डिसेंबरात परतीचा सामना झाला तेव्हा पॉल ब्राउननी उलट केलं: अख्ख्या सामन्यात एकही पास नाही, नुसतं पळून आणि लाथाडून १३-७.

संघाचे मालक मिकी मॅकब्राइड यांची टॅक्सी कंपनी होती. संघात जागा नाही पण सोडायचंही नाही अशा राखीव खेळाडूंचा पगार त्या कंपनीच्या वहीतून निघायचा. टॅक्सी चालवायची गरज नव्हती. त्यावरून अमेरिकेत 'टॅक्सी स्क्वॉड' हा शब्दच पडला. ताई, तुमच्या लेखात 'हंगामी' वापरायचाच असेल तर या खेळाडूंना वापरा. इथे तो दोन्ही अर्थांनी बसतो.

मॉटली आणि बिल विलिस या दोघा कृष्णवर्णीयांना पॉल ब्राउननी १९४६ मध्येच संघात घेतलं होतं, म्हणजे बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमध्ये उतरला त्याच्या एक वर्ष आधी. १९५० च्या ऑक्टोबरअखेर पिट्सबर्गविरुद्ध मॉटलीने फक्त ११ वेळा चेंडू घेऊन १८८ वार काढले. दर खेपेला सतरा वार, जवळजवळ दोन नऊवारी.

साखळीतल्या १२ सामन्यांत ब्राउन्स १० जिंकले, २ हरले. दोन्ही वेळा न्यूयॉर्क जायंट्सकडून. जायंट्सचीही बेरीज १०-२ झाली, म्हणून आणखी एक निर्णायक सामना लावावा लागला. तो ब्राउन्सनी ८-३ असा कसाबसा काढला. ('रेग्युलर सीझन'ला साखळी आणि 'प्लेऑफ'ला बाद फेरी हे शब्द आपल्याकडे रुळलेत, पण हा सामना बरोबरी मोडण्यापुरता होता, तेव्हा त्याला निर्णायकच म्हणा.)

अंतिम सामना २४ डिसेंबरला क्लीव्हलँडमध्ये, कडाक्याच्या थंडीत, आणि समोर कोण, तर लॉस एंजेलिस रॅम्स. हे रॅम्स १९४५ पर्यंत क्लीव्हलँडचेच होते. त्या वर्षी विजेते ठरले आणि लगेच गाव सोडून पश्चिम किनाऱ्याला गेले. म्हणजे गावाला सोडून गेलेला संघ आणि त्याची जागा घेतलेला संघ, त्याच गावात आमनेसामने. माझ्या शब्दाला यापेक्षा चांगला साक्षीदार मी शोधूनही काढला नसता.

रॅम्सनी पहिल्याच डावपेचात ८२ वारांचा पास टाकून टचडाउन केलं, म्हणजे चेंडू थेट गोलरेषेपार नेला. शेवटचा पाव भाग सुरू झाला तेव्हा ते २८-२० असे पुढे होते. ग्रॅहमने संघ परत आणला, मध्ये एकदा त्याच्या हातून चेंडू निसटला, पुन्हा चेंडू मिळाला, आणि २८ सेकंद उरलेले असताना लू ग्रोझा पुढे आला. १६ वारांवरून लाथ. ३०-२८.

ग्रोझाला तिथले लोक 'द टो' म्हणायचे, पायाचा अंगठा. मराठीत याला टोपणनाव म्हणा, 'उपाधी' नको. त्यावर वेगळं लिहावं लागेल.

ताई, संपादकांना हे वाक्य द्या आणि त्यात एकही अक्षर बदलू देऊ नका: "१९५० च्या हंगामात ब्राउन्स एनएफएलमध्ये पहिल्यांदाच उतरले आणि विजेते ठरले, त्या हंगामात मॉटलीने ८१० वार काढले."