काढा मीच करत होते

यकृताचा ऑटोइम्यून आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते तो) निघाला की घरात दोषी शोधणं सुरू होतं. मुरुमांच्या गोळ्या, नेलपॉलिश, वसाहतीतला केमिकलचा वास. डॉक्टर औषधं लिहून देतात आणि एक प्रश्न माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतो: "माझ्या हातून झालं का?"

बडोद्यात, दांडिया बाजारात राहणारी सासू-सून (ओळख पटेल असे तपशील बदललेत). सुनेला ऑटोइम्यून हेपटायटिस, म्हणजे अशा हल्ल्याने यकृताला आलेली सूज. कावीळ उतरली होती, प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) आणि अझाथायोप्रिन, ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं चालू होती. झोप मात्र सासूबाईंची उडाली होती. कोरोनापासून घरात रोज गुळवेलीचा काढा त्याच करत.

"काकू, काढा किती जण घ्यायचे?"

"चौघं. एकाच पातेल्यातला."

"आजारी किती पडले?"

"...ती एकटीच."

या आजारात बाहेरची गोष्ट एकटी सहसा पुरत नाही. प्रतिकारशक्तीशी जोडलेली काही एचएलए जनुकं (डीआर३, डीआर४) असणाऱ्यांत तो जास्त दिसतो, पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त. अशा शरीरात मिनोसायक्लिन (मुरुमांवरचं), नायट्रोफ्युरँटोइन (लघवीच्या संसर्गावरचं) यांसारखं औषध किंवा एखादी वनस्पती निमित्त होऊ शकते. पित्तनलिकांच्या ऑटोइम्यून आजाराचा, पीबीसीचा, संबंध सिगारेट आणि वारंवार होणाऱ्या लघवीच्या संसर्गाशी आढळला आहे.

घरचे सगळे काकूंना सांगत होते, "तुमची काही चूक नाही." त्याने त्या आणखी गप्प झाल्या. कारण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा नोंदवली, ती बातमी त्यांनी वाचली होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता, तेही वाचलं होतं. कोरडा दिलासा अशा माणसाला फसवणूक वाटतो.

मग मी कागदावर भाकरीएवढा गोल काढला. गोल म्हणजे आजाराची सगळी कारणं. आधी बाकीच्या कारणांचे तुकडे पाडायचे, स्वतःचा सगळ्यात शेवटी. हा क्रम मी कधी मोडू देत नाही. उलटा केला की माणूस अख्खी भाकरी स्वतःच्याच नावावर करतो. काकूंनी पेन घेतलं. जनुकं. बाईचं शरीर. सुनेचा जुना थायरॉइड, तोही ऑटोइम्यूनच. कुणालाच अजून न कळलेलं काहीतरी, त्याचा तुकडा मोठा. मग काढा.

"एवढाच?"

"एवढाच असावा. पण नाहीच, असं मी म्हणणार नाही."

बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. "नाहीच म्हणाला असतात तर मी परत आले नसते."

अपराधीपणाला माफीपेक्षा माप लागतं, हे मला तिथे पक्कं कळलं. माप मिळालं की कामही देता येतं. काकूंनी मागच्या सहा महिन्यांची यादी केली: गोळी, काढा, चूर्ण, प्रोटीन पावडर, कधी सुरू, कधी बंद, किती चमचे, पाकिटाचा फोटो. डॉक्टरांना ती खरंच लागते, कारण औषधाने झालेली इजा आणि मूळचा ऑटोइम्यून आजार रक्ताच्या रिपोर्टवर, कधी बायोप्सीतही, सारखेच दिसू शकतात. निमित्त औषधाचं असेल तर ते थांबवल्यावर आजार बऱ्याचदा परतत नाही. मूळचा असेल तर गोळ्या वर्षानुवर्षं लागतात. म्हणून एसजीपीटी (यकृताची इजा दाखवणारी रक्ततपासणी) नॉर्मल आलं तरी स्टेरॉइड स्वतःहून सोडायचं नाही.

परवा काकूंचा फोन आला: "भाजीत हळद चालेल ना?" भाजीतली चालेल, काकू. मिरीचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल मात्र नकोत, त्यांनीही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.