‘टेस्ट’पासून सुरुवात कर

व्युत्पत्तीचा नाद लागलाय ना, मग चवीच्या ‘टेस्ट’पासून सुरुवात कर. 1300च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ हाताने चाचपणे असाही होता. मालवणच्या बाजारात बांगडा घेणारी बाई बघ: कल्ला उचलून लाली पाहते, पोट बोटाने दाबते, खड्डा भरून आला तरच भाव विचारते. तेच हे चाचपणं. पुढे शब्द जिभेवर गेला, तिथून अभिरुचीपर्यंत.

परीक्षेची ‘टेस्ट’ यात मिसळू नकोस. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, पण ती आली सोन्याचांदीचा कस लावायच्या मातीच्या भांड्यावरून, लॅटिन ‘टेस्टम’मधून. म्हणून आधी स्पेलिंग बघ, मगच कोश उघड.