होमपेज दिसतं, पण फॉर्म भरला की ४०४

प्रश्न : टॉमकॅट १०.१ (जावाची वेब ॲप्स चालवणारा सर्व्हर) च्या वेबॲप्स फोल्डरमध्ये वॉर फाइल (अख्ख्या ॲपचं एकत्र पॅकेज) टाकली. पहिलं पान उघडतं, पण फॉर्म सबमिट केला की ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. लॉगमध्ये एकही एरर नाही. मित्राच्या टॉमकॅट ९ वर तीच फाइल चालते. परवा प्रोजेक्टची तोंडी परीक्षा आहे! – एक विद्यार्थिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : घाबरू नका, चूक तुमच्या लॉजिकमध्ये नाही. सर्व्हलेटची (फॉर्मची विनंती हाताळणाऱ्या जावा क्लासची) फाइल उघडा आणि वरच्या इम्पोर्टच्या ओळी वाचा. तिथे ‘जावाएक्स डॉट सर्व्हलेट’ असणार. २०२० मध्ये जकार्ता ईई ९ (जावाच्या सर्व्हर ॲप्ससाठीच्या मानकांचा संच) आलं आणि त्या पॅकेजचं नाव ‘जकार्ता डॉट सर्व्हलेट’ झालं. टॉमकॅट १० फक्त नवं नाव ओळखतो. जुन्या नावाचं ॲनोटेशन (क्लासवरची ‘@’ ने सुरू होणारी खूण) त्याला दिसतच नाही, म्हणून तुमचा सर्व्हलेट नोंदवलाच जात नाही. लॉग कोरा राहतो तो यामुळेच. मीही कॉलेज रोडवरच्या खोलीत यापायी अख्खा रविवार घालवलाय, त्यामुळे तुमची तगमग कळते.

इम्पोर्ट बदला. मेव्हन या बिल्ड साधनाच्या पॉम फाइलमध्ये जकार्ता सर्व्हलेट एपीआय ६.०.० घ्या, स्कोप ‘प्रोव्हायडेड’ ठेवा, म्हणजे ती लायब्ररी वॉरमध्ये न जाता टॉमकॅटचीच वापरली जाईल. मात्र सरसकट ‘रिप्लेस ऑल’ मारू नका. ‘जावाएक्स डॉट एसक्यूएल’ मूळ जावाचं आहे, ते तसंच राहू द्या. मग क्लीन करून नव्याने बिल्ड करा आणि वेबॲप्समधली जुनी वॉर व तिचं उघडलेलं फोल्डर, दोन्ही काढून नवी वॉर टाका.

वेळ नसेल तर परीक्षेपुरता टॉमकॅट ९ वापरा. त्यात काही कमीपणा नाही.